बोटभर कोरी जागा

हा लेख लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही. गेलेल्या माणसांवर पुरवणीत जे लिहितात, ती बहुधा त्यांच्या बरोबरीची, चार लोकांना ठाऊक असलेली माणसं असतात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन बसलेला एक विद्यार्थी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही. अंबादासजी माझ्या नात्यागोत्याचे नव्हते. मी त्यांचा शिष्य होतो असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, कारण त्यांच्या हाताखाली मी चित्र काढलं ते एकच. दुसरं काढलं तेव्हा ते समोर नव्हते... निदान मी तसं समजत होतो. पण त्यांना जाऊन सव्वा महिना झाला, आणि त्यांच्याबद्दल कोणी दोन ओळी लिहील असा माणूस मला दिसत नाही. शिवाय एक लहानसं वाक्य मी त्यांच्यासमोर वेळेवर बोललो नाही. तेवढ्यासाठी हे धाडस करतो आहे. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

पहिल्यांदा मी त्यांना नाही, त्यांचं चित्र पाहिलं. नागपूरला इतवारीत भांड्यांच्या ओळीत मोतीलाल सेठचं दुकान आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वसतिगृहात वापरायला एक लोटा घ्यावा म्हणून मी तिथे शिरलो. गादीमागच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या शेजारी एक चौकट होती आणि तिला झेंडूचा ताजा हार होता. चौकटीत माणूस नव्हता. एक छत्री होती. मिटलेली, भिंतीला टेकून उभी केलेली, पेन्सिलीने काढलेली. मूठ जराशी डावीकडे कललेली, एका काडीपाशी कापडाला ठिगळ. आणि खाली, छत्रीचं टोक जिथे जमिनीला टेकतं, तिथे बोटभर कागद कोराच सोडलेला.

"काय पाहून राहिले, भाऊ? लोटा तिकडे आहे," सेठ म्हणाले.

"ही छत्री..."

"छत्री नाही. पिताजी आहेत. नमस्कार करा."

मी नमस्कार केला. खरं तर हसू यायला हवं होतं. पण त्या छत्रीकडे पाहताना असं वाटत होतं, की आत्ताच कोणी तरी ती भिंतीला टेकवून दारात वहाणा काढतं आहे, आणि आता मागून येऊन माझ्या खांद्यावरून पाहील. मी खरोखरच वळून पाहिलं. सेठ मात्र त्यावर हसले. "सगळेच पाहतात," म्हणाले. त्यांच्या वडिलांनी जन्मात एकदाही फोटो काढू दिला नव्हता. फोटोने आयुष्य कमी होतं अशी त्यांची समजूत होती. ते गेल्यावर हार कशाला घालायचा हा प्रश्न पडला, तेव्हा वरच्या माडीवर राहणाऱ्या मास्तरांनी त्यांची छत्री काढून दिली.

हे मास्तर म्हणजेच अंबादासजी. ते शाळामास्तर कधीच नव्हते. जमिनीचे नकाशे ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत त्यांनी सारी नोकरी नकाशांवर पातळ कागद ठेवून ते उतरवण्यात घालवली होती. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर सेठच्या माडीवरच्या एका खोलीत ते राहू लागले. ज्या घरात गेलेल्या माणसाचा फोटो नाही, त्या घरची माणसं त्याची एखादी वस्तू फडक्यात बांधून त्यांच्याकडे आणत. आमच्या भागात अशी घरं कमी नाहीत. काठी, चष्मा, अडकित्ता, तंबाखूची डबी. अंबादासजी त्या वस्तूला हात लावत नसत. आणणाऱ्यालाच ते फडकं सोडायला सांगत आणि एकच प्रश्न विचारत, "कशी ठेवत होते ते?" माणूस दिसायला कसा होता, काय करायचा, कशाने गेला, यातलं काही नाही. मग ती बाई किंवा तो मुलगा ती वस्तू खिडकीखालच्या पाटावर गेलेला माणूस ठेवायचा तशी ठेवून जाई. दोन-तीन दिवस अंबादासजी नुसते तिच्यासमोर बसत. त्यानंतर पेन्सिल.

आमच्या घरातही फोटो नव्हता. उमरेडकडच्या आमच्या गावात आम्ही हातमागावरचे विणकर. मी दहा वर्षांचा असताना बाबा चार दिवसांच्या तापात गेले. मला त्यांची पाठ आठवते, मागावर वाकलेली. दोरा घेऊन मागाच्या या कडेपासून त्या कडेला पळणाऱ्या लाकडी धोट्याचा आवाज आठवतो, इकडून खट्, तिकडून खट्. चेहरा मात्र दरवर्षी थोडा थोडा पुसत चालला होता. नागपूरला आल्यावर एक दिवस वर्गात बसल्याबसल्या मी आठवायला गेलो, तर तिथे काहीच नव्हतं. हे मी मायला कधी सांगितलं नाही. तिलाही भिंतीवर काही तरी हवं होतं. शेजारच्या घरांतून पितृपक्षात फोटोंना हार पडत, आणि ती नुसत्या भिंतीला गंध लावायची. पहिल्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी घरून बाबांचा धोटा टॉवेलात गुंडाळून घेऊन आलो आणि माडी चढलो.

त्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा आधी भिंती दिसल्या. न्यायला कोणी आलं नाही अशी चित्रं तिथे ओळीने टांगली होती. एक सुपारीची पिशवी, एक कंदील, एका लहान मुलाचा खुळखुळा. मी सतरंजीच्या कडेला बसायला गेलो, तर ते म्हणाले, "तिथं नको बसू, बाबू. अलीकडे ये."

"कोणी बसतं का तिथं?"

"कोणी नाही. पण तू नको बसू."

हे ते इतक्या साधेपणाने बोलले, की मी अलीकडे सरकलो. मग त्यांचा तो प्रश्न आला. कसा ठेवत होते? आणि मला उत्तर माहीत नव्हतं. विणकराचा मुलगा असून माहीत नव्हतं. लाज वाटली म्हणून मी धोटा पाटाच्या बरोबर मधोमध आडवा ठेवला आणि "असाच" म्हणालो. चौथ्या दिवशी गेलो तर कागद कोरा. अंबादासजी म्हणाले, "खोटं काहून बोलला गा? तीन दिवस झाले, मी लाकूड पाहून राहिलो. यात कोणी नाही. घरी जा, मायले विचार."

त्या शनिवारी मी गावी गेलो. मायच्या हातात धोटा दिला. ती तेव्हा चुलीपुढे होती. तिने पदराला हात पुसले, धोटा डाव्या हातात घेतला, आणि जराही न थांबता तो जमिनीवर तिरपा ठेवला, टोक स्वतःकडे करून. "असा ठेवत. डावरे होते ना ते. कांडीवरचा दोरा संपला का तोंडानं बोलत नसत, धोट्याचं टोक माह्याकडं करून ठेवत. मंग मी समजून जाओ, भरून द्या लागते." धोट्यात बसते ती कांडी, आणि तिच्यावर दोरा भरण्याचं काम मायचं. बाबा डावखुरे होते हे मी पार विसरलो होतो.

नागपूरला परतून मी धोटा पाटावर तसाच तिरपा ठेवला. अंबादासजींनी पुढे वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हं. आता आले." मला वाटलं, आता ते पेन्सिल उचलतील. पण त्यांनी ती माझ्यापुढे केली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, हातही कापायला लागला होता, आणि हे त्यांनी आजवर कोणाला कळू दिलं नव्हतं. "डोळे अर्धे माझे, हात तुझा," ते म्हणाले.

"मला चित्रकलेतलं काही येत नाही, काकाजी."

"बरं आहे. येणारे लोक फार घाई करतात."

कॉलेज सकाळचं होतं. अकराला सुटलं की मी जेवून माडीवर जायचो आणि दोन वाजेपर्यंत बसायचो. खिडकीतून उजेड नीट येतो तो तेवढाच वेळ. ते मागे बसत. बाह्यरेषा काढू देत नसत. आधी सावली काढ, म्हणत; सावली खरी असली तर वस्तू कुठे जात नाही. पेन्सिलींची थोटकं ते एका पितळी नळीत बसवत. खालच्या भांडी घडवणाऱ्या ठठेऱ्याने कधी काळी करून दिलेली वीतभर नळी, त्यांच्या अंगठ्याने एका बाजूला सोन्यासारखी झालेली. तीच ते मला वापरायला देत. तिचाही एक नेम होता. आजचं काम थांबलं, उद्या पुढे काढायचं आहे, असं असलं की नळी पाटावर खिडकीकडे टोक करून ठेवायची. चित्र संपलं, आता त्याला पुन्हा हात लावायचा नाही, की टोक भिंतीकडे. मी एकदा विसरून भिंतीकडे टोक ठेवलं, तर त्यांनी चटकन उठून ती फिरवली.

फेब्रुवारी संपता संपता उन्हं तापली, आणि दुपारी खालचे ठोके बंद व्हायला लागले. इतवारीत दिवसभर भांडी ठोकण्याचा आवाज असतो. तो थांबला की कानांत काही तरी पोकळ होतं. अशाच एका दुपारी मी धोट्यावरचा खळगा काढत होतो. बाबांचा अंगठा बसून बसून तिथे लाकूड झिजलं होतं. छटा गडद करत होतो आणि मागून आवाज आला. खट्. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने, खट्. मी मान वळवली. अंबादासजी माझ्याकडेच पाहत होते.

"आलं ना ऐकू?"

"काय?"

"काही नाही. काढ."

मी काढत राहिलो. हात कधी नव्हे इतका स्थिर चालत होता. तो हात माझाच होता का, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. चित्र होत आलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून थांबवला. धोट्याचं मायकडे केलेलं टोक तेवढं राहिलं होतं. "इथं बोटभर सोडजो." मी कारण विचारलं. ते म्हणाले, वस्तू कागदावर पुरी उतरली की माणूस मोकळा होतो, मग घरच्यांना त्याला धरून ठेवता येत नाही. हे ऐकून मला एकदम बाबांचा माग आठवला. मी त्यांना सांगितलं, की आमच्यात माग कधी पूर्ण रिकामा करत नाहीत. लुगडं विणून झालं तरी शेवटचा हातभर ताणा, म्हणजे उभे दोरे, तसाच ठेवतात, नवे दोरे त्यालाच जोडायचे असतात. बाबा गेले त्या वर्षी मायने तो उरलेला ताणा वर्षभर कोणाला कापू दिला नव्हता. मग माग विकावा लागला.

अंबादासजींनी त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. "म्हणजे तुमच्यात बी आहे हे," एवढंच म्हणाले.

ते चित्र मी गावी नेलं. मायने ते पाहिलं, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथंच तं माहा हात लागे." आमच्या भिंतीवर ते आता आहे. खाली तिने दोरा भरलेली एक कांडी ठेवली आहे. बाबांचा चेहरा मला परत मिळाला नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. पण हात मिळाला. डावा हात, अंगठ्याजवळ जळल्याचा एक डाग असलेला. तो डाग मला कोणी सांगितला नव्हता. मायला विचारलं तर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मान हलवली... हो, होता.

पुढचं वर्षभर मी काही ना काही निमित्ताने माडीवर जात राहिलो. पेपर वाचून दाखवायचो, थोटकं तासून द्यायचो. यंदा परीक्षा संपली आणि गावी जाण्याआधी भेटायला गेलो, तेव्हा पितळी नळी त्यांनी रुमालात बांधून ठेवली होती. "ही घेऊन जा. हिचं चित्र काढजो."

मला कळलं आणि कळूही नये असं वाटलं. म्हणालो, "तुम्ही तर चांगले समोर बसले आहात, काकाजी."

"म्हणूनच म्हणून राहिलो ना. मेल्यावर काढशील तं कोणाले विचारशील, कशी ठेवत होता म्हातारा?" ते हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "बोटभर जागा सोडजो. पण माझी जागा तशीच राहू नको देऊ. माझ्यामागं दोरा जोडायले कोण आहे? मी सांगीन तवा भरून टाकजो."

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, मी आहे ना, काकाजी. एवढंच. ओठांवर आलं होतं. पण मी गावचा पोर, दीड वर्षाची ओळख, एवढं मोठं नातं आपण कोणत्या तोंडाने सांगायचं, असं वाटलं आणि मी खाली पाहून रुमाल पिशवीत ठेवला. जिना उतरताना त्यांनी वरून हाक मारली, "बाबू, टोक खिडकीकडे करून काढजो." ते मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं... असं तेव्हा वाटलं होतं.

गावी आमच्या एका खोलीला पूर्वेची खिडकी आहे. तिथे पाट मांडून मी नळी ठेवली, टोक खिडकीकडे. आठ-दहा दुपारी चित्र काढलं. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. चित्र चांगलं उतरलं, मलाच नवल वाटलं. नळीच्या तोंडातून बाहेर आलेलं शिसाचं टोक, एवढं बोटभर कोरं सोडलं आणि थांबलो. नळी पाटावर तशीच राहू दिली.

दोन दिवसांनी गुरुवार होता. आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. माय सकाळीच बाजाराला गेली होती, दाराला आतून कडी होती, मी ओसरीला लागून असलेल्या खोलीत पडलो होतो. दुपारी पाणी प्यायला उठलो आणि पाटाकडे नजर गेली. नळीचं टोक भिंतीकडे होतं.

मांजर असेल, म्हणून मी ती फिरवून ठेवली. शुक्रवारी दुपारी पाहिलं, टोक पुन्हा भिंतीकडे. मायला विचारलं, तर ती म्हणाली, "मी कायले हात लावू तुह्या पाटाले?" शनिवारी मी मुद्दाम समोर बसून राहिलो, नजर हलवली नाही. बाहेर शेजारणीने कोणाला तरी हाक मारली, तेवढ्यापुरती मान वळली असेल. परत पाहिलं तर नळी फिरलेली होती, आणि ती गडगडल्याचा आवाजही झाला नव्हता. तेव्हा मात्र मी मोठ्याने बोललो. रिकाम्या खोलीत, भर दुपारी, "काकाजी, मी आहे ना. राहू द्या ना जागा." जे माणसासमोर बोलायचं राहिलं, ते एका पितळी नळीला सांगत होतो. आणि हात जोडून ती पुन्हा खिडकीकडे केली.

रविवारी टोक भिंतीकडेही नव्हतं आणि खिडकीकडेही. ते माझ्याकडे होतं, तिरपं. बाबा मायकडे धोटा ठेवत, तसं.

मी ते पाहिलं आणि वाद घालायचं सोडून दिलं. नळी उचलली. ती गरम होती. म्हणजे उन्हाने असेल, पण दुपारचं ऊन त्या बाजूला येत नाही. मी ती बोटभर जागा भरली. पाचच मिनिटांचं काम. शेवटची रेघ टेकली तेव्हा मागे कोणी तरी समाधानाने "हं" केलं, ते आता कोणाला सांगून पटणार नाही, म्हणून त्याबद्दल आग्रह धरत नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. आपण काय केलं? त्यांनी सांगितल्याशिवाय भरायचं नव्हतं. एक नळी फिरली, तिलाच त्यांचं सांगणं मानून मी एका जिवंत माणसाला मोकळं तर केलं नाही? नागपूर लांब नाही, एस.टी.त बसलो असतो तर दुपारपर्यंत माडीवर पोचलो असतो. मी गेलो नाही. दोनदा स्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. जिना चढून वर खोली रिकामी दिसली, तर ती मी रिकामी केली असं ठरलं असतं. सुशिक्षित मुलाने असं लिहू नये, हे मला कळतं. पण त्या आठवड्यात मी जेवलो नाही हे खरं आहे, आणि माय रोज विचारायची, "काय झालं गा तुले, काहून असा करून राहिला?"

पुढच्या सोमवारी पोस्टमन आला. मी आत होतो. मायने अंगणातच कार्ड घेतलं. तिला वाचता येत नाही, पण कोणी गेल्याची खबर देणाऱ्या कार्डाचा फाडलेला कोपरा वाचायला अक्षरं लागत नाहीत. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "घरात नको आणू, बाबू. इथंच उभं राहून वाच."

मी उन्हात उभा राहून वाचलं. अक्षर मोतीलाल सेठचं होतं, हिशेबाच्या वहीतल्यासारखं तिरपं.

"चि. बाबू यास, मोतीलालचा आशीर्वाद. कळविण्यास दुःख होते की मास्टरजी मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी बारा वाजता शांत झाले, आज दहावा दिवस. तकलीफ काही झाली नाही. अग्नी मीच दिला. तुमचा पत्ता वेळेवर मिळाला नाही, काल सफाई केली तेव्हा त्यांच्या पाटाखाली चिकटवलेला मिळाला, म्हणून कार्डाला उशीर. जायच्या आधी होश होता. बोलले, बाबूला लिहा, आता जागा भरून दे. दोन वेळा बोलले. मतलब मला समजला नाही. तुम्हाला समजेल."